पंपिंग किती टक्के?

हल्ली कुणाला हार्ट अटॅक आल्याचं कळलं की नातेवाइकांचे फोन सुरू होतात, आणि त्या फोनांवर दोनच प्रश्न असतात. "ब्लॉकेज किती?" आणि "पंपिंग किती?" पहिल्याचं उत्तर अँजिओग्राफीतून मिळतं, दुसऱ्याचं टू-डी एकोतून. दोन्ही उत्तरं मिळाली की पलीकडचा माणूस "अरे बापरे" किंवा "चला, थोडक्यात निभावलं" यापैकी एक काहीतरी म्हणतो आणि पुढच्या नातेवाइकाला फोन लावतो.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बीए झालेली, मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण वर्गशिक्षिका म्हणून इतकी वर्षं निकालपत्रकं भरली की टक्के ऐकल्यावर आईबापांच्या चेहऱ्याचं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे. तोच चेहरा मी आता आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यांवर बघते. म्हणून या पंपिंगच्या टक्क्यांबद्दल लिहायला बसले. यातलं वैद्यकशास्त्र मी माझ्या भाचीकडून घेतलं आहे. ती एमडी आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते, आणि "आत्या, तू रविवारी फोन करत जा गं" असं म्हणत का होईना, माझ्या प्रश्नांना उत्तरं देते. मतं मात्र माझी आहेत, त्यांचा दोष तिला देऊ नये.

माझं म्हणणं असं की अटॅकच्या पेशंटसाठी एको ही फार मोलाची तपासणी आहे, पण आपल्याकडे तिचं मोल त्या एका आकड्यात संपतं. रिपोर्ट फाईलमध्ये जातो, फाईल कपाटात जाते, आणि आकडा मात्र घरभर फिरत राहतो.

आधी तो आकडा काय आहे ते बघू. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि आवळून ते रक्त शरीरभर ढकलतो. समजा भरल्यावर त्यात १२० मिलीलिटर रक्त आहे आणि त्यातलं ७० बाहेर पडलं, तर पंपिंग झालं साधारण ५८ टक्के. डॉक्टर याला इजेक्शन फ्रॅक्शन किंवा नुसतं ईएफ म्हणतात. निरोगी हृदय कधीच पूर्ण रिकामं होत नाही. ५५ ते ७० च्या आसपासचा आकडा म्हणजे धडधाकट हृदय. आता हे आपल्या लोकांना सांगून बघा! दहावीला पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास आणि पंचाहत्तरला डिस्टिंक्शन, हे ज्यांच्या हाडीमाशी रुजलंय त्यांना ५८ म्हणजे "जेमतेम सेकंड क्लास" वाटतो. आमच्या एका शेजारणीने यजमानांचा ५८ टक्क्यांचा रिपोर्ट बघून देवाला नवस बोलला होता. उलट ४० ऐकून "पास तर आहे ना" म्हणणारेही भेटतात. खरं तर अटॅकनंतर ४० किंवा त्याहून कमी आकडा आला की डॉक्टर सावध होतात, औषधं वाढवतात, लवकर परत बोलावतात. मार्कांचं गणित इथे दोन्ही बाजूंनी फसवतं.

शिवाय हा आकडा तोलूनमापून आलेला नसतो. पडद्यावर हलणाऱ्या चित्राच्या कडा आखून, किंवा अनुभवी डोळ्यांनी नुसतं बघून तो ठरवतात. एकच हृदय दोन जाणकारांनी बघितलं तर पाच-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. निबंधाचा एकच पेपर दोन परीक्षकांकडे दिला तर काय होतं ते शिक्षकांना सांगायला नकोच. त्यामुळे गेल्या वेळी ४५ आणि आता ४२ म्हणून रात्रभर जागणाऱ्यांनी स्वस्थ झोपावं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट आहे ती परीक्षेच्या वेळेची. अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद पडते आणि तिच्यावर पोसणारा स्नायू उपाशी राहतो. त्यातला काही भाग मरतो, आणि काही भाग नुसता बधिर होतो. जिवंत असतो, पण काम करत नाही. वाहिनी उघडली तरी तो लगेच हलायला लागत नाही, काही दिवस, कधी काही आठवडे घेतो. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये या बधिर स्नायूबद्दल लिहिलं. आता अटॅकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एको केला तर मेलेला भाग आणि बधिर भाग दोन्ही सारखेच दिसणार, गप्प बसलेले. तापाने फणफणलेल्या मुलाला पेपरला बसवावं आणि आलेले मार्क त्याच्या कायमच्या दाखल्यावर चढवावेत, तसा हा प्रकार होतो. तो पहिला एको नको असं मी मुळीच म्हणत नाही. तो करायलाच हवा, कारण येत्या काही दिवसांतला धोका तोच सांगतो. पण तो पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकाल नव्हे. म्हणून तर युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात घरी सोडण्याआधी एक एको सर्वांचा, आणि ज्यांचं पंपिंग ४० किंवा कमी आहे त्यांचा ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा, असं सांगितलं आहे.

हा "पुन्हा" शब्द आपल्याकडे हरवतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना २०२२ साली मोठा अटॅक आला. नशिबाने वेळेत पोचले, अँजिओप्लास्टी झाली. दुसऱ्या दिवशीच्या एकोमध्ये पंपिंग ३५. चौथ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी होती, काय खावं काय खाऊ नये हे होतं, पुढच्या एकोबद्दल अक्षर नव्हतं. घरी आल्यावर त्यांचा पलंग खालच्या खोलीत आणला. जिना बंद, मंडई बंद, स्कूटर विकून टाकली. मुलगा रोज रात्री दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघायचा. ते स्वतः बँकेच्या पासबुकांवर वारसाची नावं तपासत बसायचे. हसरा माणूस, पत्त्यांत लबाडी करणारा, तो आठ महिन्यांत म्हातारा झाला. पाय काडीसारखे झाले. शेवटी भाचीने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं विचारलं, "काकांचा दुसरा एको कधी झाला?" झालाच नव्हता. केला. पंपिंग ४८.

आनंद झाला हे खरं. पण मला त्या दिवशी आणखी एक विचार छळत होता, आणि भाचीने तो बोलून दाखवला. समजा ४८ च्या जागी ३० आला असता तर? कारण पुरेसे दिवस औषधं घेऊनही ज्यांचं पंपिंग ३५ च्या वर येत नाही, त्यांना हृदयाची लय अचानक बिघडून जीव जाण्याचा धोका असतो. अशांपैकी पुष्कळांच्या छातीत आयसीडी बसवतात, म्हणजे आपण ज्याला शॉक देणारा पेसमेकर म्हणतो तो. मात्र तो अटॅकनंतर लगेच बसवून फायदा होत नाही असं २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, म्हणून निदान ४० दिवस थांबतात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली असेल तर साधारण तीन महिने. म्हणजे दुसऱ्या एकोवर हा सगळा निर्णय उभा असतो. तो एको न करता काढलेले आठ महिने आमच्या मेहुण्यांना उगाच अपंग करून गेले. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते महिने जीवही घेऊन गेले असतील, आणि त्या घरच्यांना कारण कधी कळलंही नसेल.

उलट्या बाजूचं उदाहरणही आहे. आमच्या शाळेतले एक निवृत्त सहकारी. अटॅक छोटा, एक स्टेंट, पंपिंग ६०. "फर्स्ट क्लास!" असं त्यांनी स्टाफरूममधल्या जुन्या सवयीने सगळ्यांना सांगितलं आणि तीन महिन्यांत रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या. स्टेंटमध्येच गुठळी होऊन दुसरा अटॅक आला. वाचले बिचारे. पंपिंग चांगलं म्हणजे स्नायू शाबूत, एवढंच. वाहिन्यांचा आजार आहे तसाच असतो. अटॅकच्या पेशंटचा धोका मोजायला ग्रेस नावाची एक गुणपद्धती जगभर वापरतात. तिच्यात वय, नाडी, रक्तदाब, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, फुफ्फुसांत पाणी साचलं आहे का, ईसीजीतले बदल अशा आठ गोष्टी धरतात. पंपिंगचा आकडा त्यात नाहीच! म्हणजे एका विषयाच्या मार्कांवरून निकाल लावू नये हे तिथेही ठरलेलं आहे.

थोडं इतिहासाकडे वळते, जुनी खोड आहे. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर नावाचे हृदयरोगाचे डॉक्टर होते. शस्त्रक्रियेआधी हृदयाची झडप कितपत बिघडली आहे हे छाती न उघडता कसं कळावं, हा त्यांचा प्रश्न. त्यांची गाठ पडली कार्ल हेल्मुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी. कंपनं ज्या हर्ट्झमध्ये मोजतात ते हाइनरिश हर्ट्झ याच घराण्यातले, कार्लच्या वडिलांचे काका. जवळच्या माल्मो बंदरातल्या जहाजाच्या कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. ते यांनी आधी वापरून पाहिलं, मग सीमेन्सकडून तसलंच एक उसनं मिळवलं, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. तेव्हा चित्र नव्हतं, नुसत्या वरखाली होणाऱ्या रेघा. लोखंडातली भेग शोधणारं यंत्र माणसाच्या काळजाला लावायचं कुणाला सुचलं असेल याचं मला अजून नवल वाटतं. १९७७ मध्ये दोघांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं.

आपल्या कानाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. एकोच्या मशीनमधला आवाज सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा असतो. तो छातीत शिरतो, हृदयाच्या भिंतींवरून परततो आणि त्या पडसादांचं चित्र होतं. एको म्हणजे प्रतिध्वनीच. क्ष-किरण नाहीत, टोचाटोची नाही, एक थंडगार जेली तेवढी लावतात.

आता या चित्राचा अटॅकच्या वेळी काय उपयोग? टेनंट आणि विगर्स या दोघांनी १९३५ मध्ये प्राण्यांच्या हृदयावर दाखवलं होतं की रक्तवाहिनी बांधली की तिच्या हद्दीतला स्नायू थोड्याच वेळात आवळायचा थांबतो, उलट बाहेर फुगतो. पुढे माणसांतही दिसलं की रक्त कमी पडलं तर भिंतीची हालचाल आधी मंदावते, ईसीजी नंतर बदलतो, आणि छातीत दुखायला लागतं ते सगळ्यात शेवटी. त्यामुळे छातीत दुखतंय पण ईसीजी धड काही सांगत नाही अशा पेशंटमध्ये एको फार कामाला येतो. हृदयाची डावी भिंत कागदावर १६ किंवा १७ तुकड्यांत वाटतात आणि एकेक तुकडा नीट हलतो, मंद हलतो, हलतच नाही की उलटा हलतो हे बघतात. कुठला तुकडा गप्प आहे त्यावरून कुठली वाहिनी बंद असावी याचा अंदाज येतो. शिवाय दुखण्याचं कारण भलतंच असलं, महाधमनी आतून फाटली असली किंवा हृदयाभोवती पाणी झालं असलं, तर तेही कधी कधी इथेच सापडतं.

अटॅक नक्की झाल्यावर हाच एको आणखी धोके दाखवतो, आणि यातलं काहीही पंपिंगच्या आकड्यात मावत नाही. झडप ओढली जाऊन गळायला लागली आहे का. टोकाचा भाग हलत नसेल तर तिथे रक्त साकळून गुठळी झाली आहे का, कारण ती सुटली तर थेट मेंदूत जाऊन लकवा. हृदयाचा उजवा भाग सापडला आहे का. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं आहे का. हे शेवटचं क्वचित होतं, पण होतं तेव्हा तासांचा प्रश्न असतो. पेशंट बरा होता होता एकाएकी घामाघूम झाला, रक्तदाब कोसळला, तर डॉक्टर मशीन घेऊन पलंगापाशी धावतात ते याचसाठी.

मात्र एको कधी मागू नये हेही सांगायला हवं, कारण आपले लोक आता शहाणे झालेत आणि डॉक्टरांना तपासण्या सुचवतात. ईसीजीत मोठा अटॅक सरळ दिसत असेल तर वाहिनी उघडायला उशीर करून एकोची वाट बघायची नसते. आपल्याकडे उशीर आधीच पुष्कळ झालेला असतो. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांवर पेशंटांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यात दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ निघाला ३६० मिनिटं. सहा तास! त्याच पाहणीत गरीब पेशंट श्रीमंतांपेक्षा जास्त दगावले, आणि मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरलीच नाही. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. आणखी एक, एको साफ आला म्हणजे अटॅक नाहीच असं नव्हे. छोटा अटॅक एकोला दिसत नाही, तो रक्ततपासणीत दिसतो. आणि जुन्या अटॅकचा व्रण नव्यासारखाच दिसू शकतो, म्हणून जुना रिपोर्ट जवळ असलेला बरा.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून. दवाखान्याच्या दारावर "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी असते. ती हृदयाच्या एको सेंटरमध्येही असते, कारण आवाज तोच आणि मशीनही त्याच जातीचं. मुली मारायला या यंत्राचा वापर झाला म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. कायदा हवाच होता. पण त्यामुळे मशीन नोंदलेल्या जागेबाहेर सहज नेता येत नाही. आज खिशात मावतील अशी एकोची यंत्रं निघाली आहेत, आणि भाची म्हणते, ती पिशवीत घालून वाडीवस्तीवर जाता आलं असतं तर! मुलगा हवा म्हणून केलेल्या पापाची किंमत आता त्याच घरातले छाती धरून बसलेले आजोबाही मोजतायत.

असो. तर माझी मागणी फार मोठी नाही. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ असावी, पुढचा एको अमुक आठवड्यात. आणि रिपोर्टमधल्या चार गोष्टी मराठीत कुणीतरी पेशंटला सांगाव्यात. पंपिंग किती आणि ते तात्पुरतं असू शकतं का, झडप गळते का, गुठळी आहे का, चालण्याफिरण्याला मुभा किती. यावर डॉक्टर मंडळी म्हणतात, वेळ कुठे आहे? भाचीही हेच म्हणाली. "आत्या, बाहेर ऐंशी माणसं बसलेली असतात." मला ते पटत नाही असं नाही. पण ज्या घरात मुलगा रात्री दोनदा उठून बापाचा श्वास बघतो त्या घराला पाच मिनिटं देता येत नसतील, तर डॉक्टरांनी नर्सताईंना शिकवावं, कागद छापून द्यावा, काहीही करावं. इंग्रजी रिपोर्ट हातात ठेवला की माणूस इंटरनेटवर शोधतो आणि जास्त घाबरतो. "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन" हे शब्द साठीपुढच्या पुष्कळ रिपोर्टांत असतात. आमच्या वयात हृदय थोडं ताठरतंच, बहुतेक वेळा त्यात पिकल्या केसांपेक्षा जास्त काही नसतं. अटॅकनंतर हाच ताठरपणा वरच्या ग्रेडचा असला तर मात्र गंभीर. हा फरक इंटरनेट नीट सांगत नाही, डॉक्टर एका वाक्यात सांगू शकतात.

आणि नातेवाइकांनो, तुम्हीही फोनवर पंपिंग विचारायचं थोडं कमी करा. त्याऐवजी "पुढचा एको कधी?" विचारा. तो प्रश्न दहा जणांनी विचारला तर तारीख कुणी विसरणार नाही.

भाचीने आता एक अर्ध्या पानाचा मराठी कागद करायला घेतला आहे, आणि शब्दांसाठी मला जुंपलं आहे. हायपोकायनेटिक म्हणजे "मंद हलणारा भाग", हे लगेच जमलं. अकायनेटिकला तिने "निष्क्रिय" लिहिलं होतं. ते मी खोडलं, कारण पेशंटला ती शिवी वाटेल. "सध्या न हलणारा भाग" असं केलं. "सध्या" शब्दावर ती अडून बसली, म्हणाली, काहींचा कधीच हलत नाही, मग खोटी आशा कशाला? मी म्हटलं, दुसरा एको होईपर्यंत तो शब्द खराच आहे. गेल्या रविवारपर्यंत तरी तो कागदावर आहे.